एक्सेलमध्ये दोन रेषांमधली जागा रंगवायची कशी?

जमा आणि खर्चाच्या दोन रेषा चार्टवर काढणं सोपं आहे. पण त्या दोघींच्या मधली जागा रंगवून द्या, जमा वर असेल तिथे निळा आणि खर्च वर असेल तिथे नारिंगी, असं कुणी सांगितलं की शोधाशोध सुरू होते. रेषेवर उजवं क्लिक करून बघा, फॉरमॅटचा प्रत्येक कप्पा उघडून बघा, "दोन रेषांमध्ये रंग भरा" असं बटण कुठेच सापडणार नाही. एक्सेलमध्ये ते नाहीच.

एक्सेलच्या एरिया चार्टला, म्हणजे रेषेखालची जागा रंगवणाऱ्या चार्टला, मधली जागा कळत नाही. त्याला कळते ती फक्त थप्पी: खाली एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. म्हणून आपणही थप्पीच रचायची. सर्वांत खालचा थर पारदर्शक ठेवायचा आणि त्यावर फक्त फरकाचा थर रंगवायचा. बघणाऱ्याला मधला पट्टा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका युक्तीभोवतीच फिरतात. खरी अडचण येते ती रेषा एकमेकींना छेदतात तिथे, त्यामुळे पायरी ३ घाईत वाचू नका.

काय काय लागेल

- डेस्कटॉपवरचं एक्सेल, २०१३ किंवा त्यानंतरचं. कॉम्बो चार्टची (एकाच चार्टमध्ये दोन प्रकार) सोयीची खिडकी तेव्हापासून आहे. २००७ किंवा २०१० असेल तरी काम होतं, फक्त प्रत्येक मालिकेवर (म्हणजे चार्टवर काढलेल्या एकेका कॉलमवर) उजवं क्लिक करून चेंज सिरीज चार्ट टाइप वेगवेगळं द्यावं लागतं.
- तीन कॉलमांचा डेटा: तारीख, पहिली रेषा, दुसरी रेषा. मध्ये रिकामा सेल नको.
- मदतीच्या कॉलमांसाठी उजवीकडे मोकळी जागा.

या लेखात सूत्रं देवनागरीत लिहिली आहेत. एक्सेलमध्ये टाइप करताना फंक्शनचं नाव, सेलचा पत्ता आणि आकडे, सगळं रोमन लिपीतच टाका.

१. डेटा मांडा, आणि तारखा खरंच तारखा आहेत का ते बघा

उदाहरणासाठी एका काल्पनिक दुकानाचे सात महिने घेऊ. आकडे हजार रुपयांत आहेत. ए कॉलममध्ये तारीख, बीमध्ये जमा, सीमध्ये खर्च. पहिली ओळ मथळ्यांची, डेटा दुसऱ्या ओळीपासून आठव्यापर्यंत.

| तारीख | जमा | खर्च |
|---|---|---|
| १ एप्रिल | ४२ | ३६ |
| १ मे | ४५ | ३८ |
| १ जून | ३४ | ४० |
| १ जुलै | ३० | ४१ |
| १ ऑगस्ट | ३८ | ३७ |
| १ सप्टेंबर | ४७ | ४० |
| १ ऑक्टोबर | ५८ | ४४ |

नुसतं "एप्रिल", "मे" असं लिहू नका. पूर्ण तारीख वर्षासकट टाका. पुढे आडवा अक्ष तारखांचा करायचा आहे, आणि एक्सेलच्या लेखी "एप्रिल" हा नुसता शब्द आहे.

पहिला सापळा इथेच असतो. विंडोजची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी असेल तर १/४ टाकल्यावर एक्सेल ते ४ जानेवारी समजतं, आणि १८/५ ही तारीख मुळात तारीखच मानत नाही, मजकूर म्हणून ठेवून देतं. ओळखायचं कसं? कॉलमचं अलाइनमेंट हात न लावता तसंच असेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डावीकडे राहतो. शंका असेल तर बाजूच्या सेलमध्ये =इझनंबर(ए२) टाका. उत्तर ट्रू आलं पाहिजे.

२. मदतीचे तीन कॉलम तयार करा

डी कॉलमला मथळा द्या "तळ", ईला "शिल्लक", एफला "तूट". दुसऱ्या ओळीत ही सूत्रं:

- डी२: =मिन(बी२,सी२)
- ई२: =मॅक्स(बी२-सी२,०)
- एफ२: =मॅक्स(सी२-बी२,०)

तिन्ही सूत्रं आठव्या ओळीपर्यंत खाली ओढा. एप्रिलच्या ओळीत तळ ३६, शिल्लक ६, तूट ० दिसेल. जूनमध्ये तळ ३४, शिल्लक ०, तूट ६. एका ओळीत शिल्लक आणि तूट दोन्ही शून्याहून मोठ्या दिसल्या तर सूत्र चुकलंय.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक याच पायरीवर होते. थप्पीत वरची रेषा जशीच्या तशी रचली जाते, फरक नाही. एप्रिलचं उदाहरण घ्या: ३६ च्या तळावर ४२ चीच वीट ठेवली तर माथा ७८ वर जातो आणि उभा अक्ष अचानक दुप्पट होतो. चार्टवरचे आकडे डेटापेक्षा भलतेच मोठे दिसायला लागले की आधी हे तपासा. वरच्या थरात कायम वजाबाकीच जाते.

तुमच्या दोन रेषा कधीच छेदत नसतील, म्हणजे किमान आणि कमाल तापमान, किंवा अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा, तर काम आणखी हलकं होतं. तळ म्हणजे खालची रेषा आणि फरक म्हणजे वरची वजा खालची. दोनच कॉलम पुरतात, आणि पायरी ३ सोडून थेट चौथीवर जाता येतं.

३. छेदबिंदूंच्या ओळी घाला

ही पायरी गाळली तर काय होतं ते आकड्यांत बघू. १ मेला जमा ४५, खर्च ३८. १ जूनला जमा ३४, खर्च ४०. मधल्या काळात कुठेतरी जमेची रेषा खर्चाच्या खाली उतरते. बरोब्बर मध्यावर जमा ३९.५ आणि खर्च ३९, म्हणजे खरी फट अवघी ०.५.

थप्पी मात्र तिथे काय दाखवते? तळ ३८ वरून ३४ वर सरळ उतरतो, मध्यावर ३६. शिल्लक ७ वरून ० वर येते, मध्यावर ३.५. तूट ० वरून ६ वर चढते, मध्यावर ३. म्हणजे रंग ३६ पासून ४२.५ पर्यंत पसरतो. अर्ध्याच्या फटीला साडेसहाचा पट्टा! रेषांच्या वर आणि खाली दोन्हीकडे रंगाचे कान बाहेर आलेले दिसतात ते यामुळेच. एक्सेल चुकत नाही. त्याला दिलेल्या दोन बिंदूंमध्ये ते सरळ रेघ मारतं, छेद मध्ये कुठे आहे हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं.

तर ते सांगू. एच कॉलम मोकळा घ्या आणि एच२ मध्ये लिहा:

=इफ((बी२-सी२)*(बी३-सी३)<०,(बी२-सी२)/((बी२-सी२)-(बी३-सी३)),०)

हे सातव्या ओळीपर्यंत ओढा. सात बिंदूंमध्ये सहा अंतरं असतात, म्हणून आठव्या ओळीत सूत्र नको. सूत्राचा अर्थ साधा आहे: लागोपाठच्या दोन फरकांची चिन्हं वेगळी असतील तर गुणाकार ऋण येतो, म्हणजे मध्ये छेद आहे. मग छेद त्या अंतराच्या किती भागावर आहे तो अपूर्णांक मिळतो. मे आणि जूनच्या मध्ये तो ७ भागिले १३, म्हणजे सुमारे ०.५४ येतो. जुलै आणि ऑगस्टच्या मध्ये ११ भागिले १२, सुमारे ०.९२. बाकी ठिकाणी शून्य.

आता डेटाच्या खाली, नवव्या ओळीत:

- ए९: =ए२+राउंड(एच२*(ए३-ए२),०)
- बी९: =बी२+एच२*(बी३-बी२)
- सी९: =सी२+एच२*(सी३-सी२)

चौदाव्या ओळीपर्यंत ओढा, आणि डी, ई, एफची सूत्रंही तिथपर्यंत खाली आणा. ए९ ते ए१४ मध्ये तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, सेलला तारखेचं फॉरमॅट द्या. दहाव्या ओळीत १८ मे आणि दोन्ही कॉलमांत ३९.०८ आलं पाहिजे. बाराव्या ओळीत २९ जुलै आणि ३७.३३. छेदाच्या जागी जमा आणि खर्च सारखेच असणार, म्हणून शिल्लक आणि तूट दोन्ही शून्य होतात आणि रंग टोकाशी मिटतो.

छेद नाही तिथे अपूर्णांक शून्य असतो, त्यामुळे ती ओळ आधीच्याच बिंदूची नक्कल ठरते. एकाच तारखेला तोच बिंदू दोनदा आला तर चार्टवर काहीही फरक पडत नाही. हे मुद्दाम असं ठेवलंय. छेद नसेल तिथे रिकामी अवतरणचिन्हं परत करणारं सूत्र लिहिण्याचा मोह होतो, पण तसा सेल एक्सेल शून्य म्हणून काढतं आणि पट्टा मध्येच जमिनीवर आपटतो.

या ओळी तारखेच्या क्रमाने मध्ये घुसवायची गरज नाही. तारखांचा अक्ष त्या आपोआप क्रमाने लावून घेतो. तो अक्ष पाचव्या पायरीत.

४. कॉम्बो चार्ट घाला

ए१ ते एफ१४ निवडा. एच कॉलम निवडीत नको. इन्सर्ट टॅबवर रेकमेंडेड चार्ट्स, त्यात ऑल चार्ट्स, तिथे डाव्या यादीत तळाजवळ कॉम्बो. खाली पाचही मालिकांची नावं आणि प्रत्येकीपुढे चार्टचा प्रकार निवडायची यादी दिसते:

- जमा आणि खर्च: लाइन
- तळ, शिल्लक आणि तूट: स्टॅक्ड एरिया

साधं एरिया आणि स्टॅक्ड एरिया यांची चित्रं यादीत शेजारी शेजारी असतात आणि पटकन बघितलं तर सारखीच वाटतात. साधं एरिया घेतलं तर थर एकमेकांवर न चढता सगळे शून्यापासून सुरू होतात. माउस थोडा वेळ चित्रावर थांबवा, नाव दिसतं. तिसरं १०० टक्केवालं स्टॅक्ड एरियाही तिथेच असतं, ते नकोच.

याच खिडकीत प्रत्येक मालिकेपुढे सेकंडरी ॲक्सिसची चौकट असते. एक्सेल कधीकधी ती स्वतःहून टिक करून ठेवतं. पाचही चौकटी रिकाम्या करा. एखादी रेषा दुय्यम अक्षावर गेली की तिची मोजपट्टी वेगळी होते, आणि रंगाची कड रेषेला स्पर्श न करता समांतर धावते. बघणाऱ्याला ते शोभेसाठी केलंय असं वाटतं आणि चूक आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

मालिकांचा क्रमही बघून घ्या. थप्पीत तळ आधी, मग शिल्लक, मग तूट. कॉलम याच क्रमाने ठेवले असतील तर काही करावं लागत नाही. उलटं झालं असेल तर चार्टवर उजवं क्लिक, सिलेक्ट डेटा, आणि वर-खाली बाण. रेषा कुठल्याही क्रमात असल्या तरी चालतं, कारण एकाच अक्षावर एक्सेल एरिया आधी काढतं आणि लाइन त्यावर.

५. आडवा अक्ष तारखांचा करा

आडव्या अक्षावर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबा. उजवीकडे फॉरमॅट ॲक्सिसचं पान उघडतं. तिथे चार गोष्टी:

- ॲक्सिस टाइप: डेट ॲक्सिस. आपोआप ठरवण्यावर सोडू नका.
- युनिट्समध्ये बेस: डेज.
- मेजर: १, आणि शेजारी मंथ्स.
- ॲक्सिस पोझिशन: ऑन टिक मार्क्स. नाहीतर दोन्ही कडांना मोकळी पट्टी राहते आणि रंग अक्षापासून तुटल्यासारखा वाटतो.

बेस युनिटचा सापळा फार फसवा आहे. तिथे मंथ्स राहिलं तर १ मे आणि १८ मे एकाच उभ्या रेघेवर येऊन बसतात. छेदाच्या जागी उतार दिसायच्या ऐवजी भिंत उभी राहते. एवढी मेहनत करून छेदबिंदू काढले आणि चार्टवर पायऱ्या दिसतायत अशी तक्रार असेल, तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच.

तारखांचा अक्ष पूर्ण दिवसच ओळखतो, म्हणून वर राउंड वापरलं. छेद १७.७ मेला असला तरी तो १८ मेला बसतो. महिन्याच्या मापात ही तफावत डोळ्यांना दिसत नाही. डेटाच रोजचा असेल तर मात्र हा उपाय तोकडा पडतो. त्यासाठी पायरी ७ बघा.

लेबलांवर फक्त महिन्याचं नाव हवं असेल तर याच पानावर खाली नंबरमध्ये फॉरमॅट कोड म्हणून एम हे रोमन अक्षर तीनदा टाकून ॲड दाबा. डेटा ऋण असेल आणि अक्षाची लेबलं चार्टच्या पोटात घुसत असतील तर लेबल्समध्ये पोझिशन लो करा.

६. तळ अदृश्य करा आणि रंग भरा

सर्वांत खालच्या थरावर क्लिक करा, कंट्रोल आणि १. रंगाच्या डब्याच्या चिन्हावर जाऊन फिलमध्ये नो फिल आणि बॉर्डरमध्ये नो लाइन. पांढरा रंग भरून वेळ मारून नेऊ नका. पांढऱ्या थरामागे आडव्या जाळीरेषा झाकल्या जातात, आणि चार्ट रंगीत स्लाइडवर चिकटवला की पांढरा ठोकळा उघडा पडतो.

नो फिल केल्यावर तोच थर पुन्हा निवडायचा असेल तर माउसने तो सापडत नाही. चार्ट निवडून फॉरमॅट टॅबवर जा, अगदी डाव्या कोपऱ्यात एक उघडणारी यादी असते, त्यात "तळ" नावाची मालिका निवडा. ही यादी फार कमी लोक वापरतात. गर्दीच्या चार्टमध्ये तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

शिल्लक आणि तूट यांना सॉलिड फिल द्या आणि ट्रान्स्परन्सी ४० ते ६० टक्के ठेवा, म्हणजे जाळीरेषा आरपार दिसतात. हिरवा-लाल ही जोडी सवयीची असली तरी अनेकांना ते दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. निळा आणि नारिंगी चांगले. छपाई कृष्णधवल होणार असेल तर एका थराला पॅटर्न फिलमधल्या तिरक्या रेघा द्या, कारण फिका निळा आणि फिका नारिंगी कागदावर एकाच करड्या छटेत उतरतात.

लेजंडमध्ये (चार्टवरच्या नावांच्या यादीत) "तळ" हे नाव उरलेलं असतं. लेजंडवर एकदा क्लिक, मग त्या नावावर पुन्हा एकदा, आणि डिलीट. एकाच क्लिकनंतर डिलीट दाबलं तर अख्खं लेजंड जातं. गेलं तर कंट्रोल आणि झेड.

रेषांवर दोन गोष्टी बंद असू द्या. मार्कर ठेवले तर छेदबिंदूंवरही ठिपके उमटतात आणि १८ मेला कुणी हिशेब मांडला होता असं वाटतं. स्मूद्ड लाइनची चौकटही काढा. ती रेषेला गोलाई देते, एरियाला मात्र तशी सोयच नाही. मग रेषा वळण घेते, रंग सरळ जातो, आणि दोघांमध्ये पांढऱ्या फटी पडतात. गोलाई हवी असेल तर जास्त बिंदू द्या, दुसरा इलाज नाही.

उभा अक्ष शून्याऐवजी २० पासून सुरू केला तर? इथे चालतं. तळ अदृश्य असल्यामुळे त्याचा खालचा भाग कापला गेला तरी पट्ट्याची जाडी तीच राहते.

उभ्या अक्षाचं शीर्षक मराठीत लिहिणार असाल तर टेक्स्ट डायरेक्शनमध्ये रोटेट निवडा. अक्षरं एकाखाली एक रचायचा स्टॅक्ड पर्याय देवनागरीला सोसत नाही.

७. बिंदू भरपूर असतील तर सोपा रस्ता: अप-डाउन बार

वर्षभराचा रोजचा डेटा असेल तर थप्पीचा खटाटोप करूच नका. फक्त ए, बी आणि सी कॉलमांवरून साधा लाइन चार्ट काढा. चार्ट निवडल्यावर उजव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह येतं, त्यात अप/डाउन बार्सवर (दोन रेषांना जोडणारे उभे ठोकळे) टिक करा. मग एका बारवर क्लिक करून कंट्रोल आणि १, आणि गॅप विड्थ ० टक्के. बार एकमेकांना चिकटतात आणि पट्टा तयार. मदतीचे कॉलम नाहीत, छेदबिंदू नाहीत, ऋण आकडेही बिनतक्रार चालतात. वरच्या आणि खालच्या बारांना रंगही वेगवेगळे देता येतात. बारांच्या बॉर्डरला नो लाइन द्यायला विसरू नका, नाहीतर पट्ट्याऐवजी कंगवा दिसतो.

मग हीच पद्धत आधी का नाही सांगितली? कारण सात बिंदूंवर ती सात ठोकळे दाखवते. साधारण शंभर बिंदूंच्या पुढे ठोकळेपणा डोळ्याला जाणवत नाही.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, बार पहिल्या मालिकेपासून शेवटच्या मालिकेपर्यंत निघतो. जमा पहिली आणि खर्च शेवटचा असेल तर "अप" बार म्हणजे खर्च वर, म्हणजेच तूट. रंग देताना हे हमखास उलटं होतं. तिसरी लाइन मालिका चार्टमध्ये घातली तर शेवटची मालिका बदलते आणि बार भलतीकडे जातात. दोन, शेअर बाजारासारखा फक्त कामकाजाच्या दिवसांचा डेटा असेल तर तारखांच्या अक्षावर शनिवार-रविवारी पट्ट्याला भोकं पडतात. तिथे अक्ष मुद्दाम टेक्स्ट ॲक्सिस करा, म्हणजे सगळे बिंदू समान अंतरावर बसतात.

८. तारखा नसतील, गणिती वक्र असतील तर

बारावीच्या निश्चित संकलनातलं नेहमीचं उदाहरण घ्या: ० ते १ मध्ये वायबरोबर एक्स ही रेषा आणि वायबरोबर एक्सचा वर्ग हा वक्र. आडव्या अक्षावर ०.१, ०.२ असे आकडे आहेत आणि तारखांच्या अक्षाला अपूर्णांक समजत नाहीत. टेक्स्ट ॲक्सिसवर हे चालून जातं, पण बिंदूंमधली अंतरं असमान असली की चित्र विकृत होतं.

उपाय: एक्सला १००० ने गुणून वेगळा कॉलम करा, म्हणजे ०, १००, २०० ते १०००. हा कॉलम तारखेच्या जागी वापरा. त्याच्या मथळ्याचा सेल रिकामा ठेवा, नाहीतर एक्सेल त्या कॉलमलाच एक मालिका समजून रेषा काढतं. चार्ट झाल्यावर अक्ष हाताने डेट ॲक्सिस करा, बेस डेज, मेजर २०० डेज.

लेबलांवर तारखा किंवा शेकडे दिसतील. फॉरमॅट कोड द्या: शून्य, दशांशचिन्ह, शून्य, आणि लगेच स्वल्पविराम. शेवटचा स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागून दाखवतो, म्हणजे २०० च्या जागी ०.२. सेलमधली किंमत बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं. एक्स ऋण असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तारखांचा अक्ष शून्याच्या मागे जात नाही. तिथे बिंदू समान अंतरावर घेऊन टेक्स्ट ॲक्सिस वापरा.

रंगवलेल्या भागाचं क्षेत्रफळही लगेच काढता येतं. मूळ एक्स ए२ ते ए१२ मध्ये आणि फरक जी२ ते जी१२ मध्ये असेल तर:

=सम्प्रॉडक्ट(ए३:ए१२-ए२:ए११,जी३:जी१२+जी२:जी११)/२

०.१ च्या पायरीने उत्तर ०.१६५ येतं. खरं उत्तर १ भागिले ६, म्हणजे ०.१६६७. पायरी ०.०२ केली की ०.१६६६ पर्यंत पोचता, आणि वक्रही चार्टवर गुळगुळीत दिसतो. या सूत्राला ओळी क्रमाने लागतात. पायरी ३ सारख्या खाली जोडलेल्या ओळींवर ते चालवलं तर उत्तर भलतंच येईल, आधी सॉर्ट केलेली प्रत घ्या.

९. लिबरऑफिस कॅल्क वापरत असाल तर

कॅल्कमध्ये एरिया आणि लाइन एकाच चार्टमध्ये एकत्र येत नाहीत. कॉलम (उभे स्तंभ) आणि लाइन मात्र येतात, तेवढ्यावर काम भागतं. डेटाचे कॉलम या क्रमाने मांडा: तारीख, तळ, शिल्लक, तूट, जमा, खर्च. इन्सर्टमधून चार्ट, प्रकार कॉलम अँड लाइन, उपप्रकार स्टॅक्ड, आणि नंबर ऑफ लाइन्स २. शेवटचे दोन कॉलम रेषा होतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. मग चार्टवरच्या एका स्तंभावर दोनदा क्लिक करून ऑप्शन्समध्ये स्पेसिंग ० टक्के, आणि तळाच्या मालिकेला एरियामध्ये नन. प्रत्येक स्तंभ स्वतंत्र उभा असल्यामुळे छेदबिंदूंच्या ओळी लागत नाहीत, पण बिंदू भरपूर हवेत.

१०. चार्ट दुसऱ्याकडे पाठवण्याआधी

मदतीचे कॉलम विद्रूप दिसतात म्हणून ते लपवले, आणि चार्टवरचा रंगच गायब झाला, हे ठरलेलं आहे. एक्सेल लपवलेल्या ओळी-कॉलमांचा डेटा चार्टमध्ये धरत नाही. सिलेक्ट डेटाच्या खिडकीत डाव्या कोपऱ्यात खाली हिडन अँड एम्प्टी सेल्स आहे, तिथे लपवलेल्या ओळी आणि कॉलमांमधला डेटा दाखवण्याची चौकट टिक करा आणि मगच कॉलम लपवा.

दर महिन्याला हाच चार्ट लागणार असेल तर चार्टच्या मोकळ्या कडेवर उजवं क्लिक करून सेव्ह ॲज टेम्प्लेट. पुढच्या वेळी ऑल चार्ट्समध्ये टेम्प्लेट्सच्या कप्प्यात तो सापडतो. टेम्प्लेट मालिकांची नावं बघत नाही, त्यांचा क्रम बघतं. नव्या पत्रकातही कॉलम जमा, खर्च, तळ, शिल्लक, तूट याच क्रमाने असू द्या, नाहीतर अदृश्य व्हायचा तो तळ रंगून येईल आणि खर्चाची रेषा नाहीशी होईल.